उजवा तळवा

दर वर्षी मोसम संपला की महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला एक काचेचा चेंडू देतात. खऱ्या चेंडूएवढा मोठा आणि हातात घेतला की वाटतो त्याहून जड. वार्ताहर मतं देतात, मोठं सभागृह घेतात, टीव्हीवर दाखवतात. आणि पुढच्या सरावाला क्लबातल्या पोरी कार्बनच्या पाठीत धपाटा घालून म्हणायच्या, "अभिनंदन हं! यंदाही तुलाच मिळाला."

कार्बनही हसायची. न हसून सांगते कुणाला? विनोद वाईट नव्हता आणि पुरता खोटाही नव्हता. गेल्या कितीतरी वर्षांत ज्या ज्या बाईने तो काचेचा चेंडू घरी नेला, ती ती बाई कार्बन सरावापुरती आठवडा आठवडा होऊन गेली होती.

तिचं काम समजायला सोपं होतं. क्लबचा आठवड्याला एक सामना असायचा. समोरच्या संघात एखादी तरी अशी असतेच, की जिला अडवलं नाही तर आपली सगळी मेहनत पाण्यात. तिला अडवायला शिकायचं तर सरावाला ती समोर हवी, आणि ती तर दुसऱ्या गावी, दुसऱ्या क्लबच्या पगारावर. मग तिची नक्कल करणारी कुणी तरी लागते. कार्बन सोमवारी व्हिडिओवाल्याच्या अंधाऱ्या खोलीत बसून त्या बाईचे सामने बघायची, मंगळवारी तिच्यासारखी धावायची, बुधवारी तिच्यासारखी थबकायची, आणि गुरुवार उजाडेपर्यंत पोरींना तिचा खराखुरा राग यायला लागायचा.

कोचबाईंना सगळा क्लब मॅडम म्हणायचा. मॅडमना अर्धवट काही चालत नसे. त्यांनी प्रत्येक क्लबच्या रंगाची जर्सी शिवून घेतली होती, पाठीवरच्या नंबरासकट. "डोळ्यांना सवय झाली पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. डोळ्यांना व्हायची तशी कोपरांनाही सवय व्हायची. खऱ्या खेळाडूला देता येत नाहीत ते धक्के पोरी हिला हात सैल सोडून द्यायच्या. शनिवारी सामना झाला की ती जर्सी धुलाईला जायची. कार्बनच्या बरगड्यांवरचे निळे डाग मात्र तसेच राहायचे आणि पुढच्या आठवड्याच्या बाईला आयते मिळायचे.

आणि शनिवारच्या सामन्यात ती स्वतः कुठे असायची? बेंचवर, अगदी टोकाला, पाण्याच्या बाटल्यांच्या शेजारी. टॉवेल हलवायचा, ओरडायचं, कुणी धापा टाकत आली की बाजूला सरकून जागा द्यायची. सामना हातातून गेलेला असला किंवा पुरता खिशात असला तर शेवटच्या दोन-तीन मिनिटांसाठी मॅडमना तिची आठवण व्हायची, नाही तर तीही नाही.

आता असं नका समजू की तिला या सापळ्यात कुणी ढकललं. ती स्वतःच्या पायांनी चालत गेली, आणि वर लोकांना हसवत हसवत.

तिचे वडील बसचालक. डेपोच्या मागच्या अंगणात, जिथे नादुरुस्त बस आणून टाकायचे, तिथे त्यांनी एका जुन्या स्टिअरिंगच्या चाकाची रिंग करून भिंतीला ठोकून दिली होती. जमीन तेलाने काळी, चेंडू काळा, आणि पोरगी तर विचारूच नका. उंची अशी भराभर वाढली की वडील तिला शिडी म्हणायला लागले. ही शिडी उजव्या कोपऱ्यातून चेंडू टाकायची. उंच, लांबून, उजव्या हाताने. चाकाच्या रिंगला जाळी नव्हती, त्यामुळे चेंडू आत गेला की नाही यावर मेकॅनिक लोकांत वाद व्हायचे. त्या कोपऱ्याच्या जोरावरच क्लबने तिला घेतलं होतं, कुणाची नक्कल करायला नव्हे.

पहिल्याच मोसमात डावरी नावाच्या वादळाने त्यांच्या क्लबला धुऊन काढलं. डावरी हे अर्थात लोकांनी ठेवलेलं नाव. बाई डाव्या हाताने खेळायची आणि डावीकडूनच जायची. ती डावीकडून जाणार हे प्रेक्षकांतल्या लहान मुलालाही कळायचं, तरी ती जायचीच. दुसऱ्या दिवशी सरावाला सगळ्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी. मॅडम पाणी भरायला बाहेर गेल्या होत्या. वातावरण जरा हलकं करावं म्हणून या नव्या पोरीने चेंडू डाव्या हातात घेतला, खांदा पाडला, मान तिरकी केली, गालात च्युइंगम असल्यासारखा जबडा हलवला, आणि डावरीसारखी तिघींना चकवून सरळ रिंगखाली जाऊन पोचली. पोरी हसून हसून फरशीवर लोळल्या.

मॅडम दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

"पुन्हा कर," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून ती पुन्हाच करत होती. कार्बन-कागदाखालून निघालेल्या नकलेसारखी, म्हणून कार्बन हे नाव त्याच आठवड्यात पडलं. नाव एकदा पडलं की ते निघत नाही. मूळ नावाने हाक मारणारं क्लबात कुणी उरलं नाही.

मधल्या वर्षांत तिने सुटायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा धीर करून ती मॅडमच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "मॅडम, मला खेळायचंय."

मॅडमनी तिला समोर बसवलं, स्वतःच्या हाताने चहा करून दिला. "अगं, या संघातली सगळ्यात महत्त्वाची खेळाडू कोण आहे माहितेय? तू. तू नसलीस तर मी उघडी पडेन."

"मग खेळवा ना मला."

"आणि एवढी महत्त्वाची खेळाडू मोडली म्हणजे?"

कार्बनने चहा पिऊन टाकला आणि कप विसळून ठेवला. दुसऱ्या क्लबांकडेही तिने विचारून पाहिलं होतं. ते पहिला प्रश्न हाच करायचे की मागच्या मोसमात किती मिनिटं खेळलात. तिने आकडा सांगितला की पलीकडचा आवाज एकदम मायाळू व्हायचा. ज्या पोरीला तिच्याच क्लबने इतकी वर्षं बसवून ठेवलं, तिच्यात काही तरी खोट असणार, असा सरळ हिशोब. तिच्या अंगात दहा-बारा सर्वोत्तम खेळाडू होत्या हे सांगून पटणार कुणाला? त्यांतली एकही ती स्वतः नव्हती.

घरी वडील आणि ती, दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. वडील निवृत्त झाले होते, गुडघे गेले होते, पण प्रत्येक सामन्याला ते टीव्हीसमोर चष्मा पुसून बसायचे. ती घरी आली की पहिलं वाक्य ठरलेलं.

"आज दिसलीस हं शिडे. डावीकडच्या कोपऱ्यात. टॉवेल हलवत होतीस."

"बाबा, टॉवेल हलवणारं काय बघता?"

"मग काय बघू? तेवढंच दाखवतात ते मेले."

या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागायचं.

क्लबचं मुख्य वैर डावरीच्या क्लबशी. त्यामुळे डावरीचे आठवडे वर्षात सगळ्यात जास्त यायचे. हळूहळू ती सवय अंगात मुरली. कार्बन दात डाव्या हाताने घासायला लागली. कुलूप डाव्या हाताने उघडायला लागली. एकदा स्वयंपाकघरात चहात साखर ढवळत असताना वडिलांनी मागून विचारलं, "हा हात कुणाचा?"

तिने खाली पाहिलं. चमचा डाव्या हातात होता.

"तुला मी दोन्ही हात देऊन पाठवलं होतं," वडील म्हणाले. "घरी येताना त्या बाईला बाहेर चपलांपाशी ठेवून येत जा."

यंदाच्या मोसमात क्लब अंतिम फेरीत पोचला, आणि समोर आला डावरीचाच संघ. मॅडमनी कार्बनला बोलावून दार लावून घेतलं. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. इतकी वर्षं शिकवून अंतिम सामना एकदाही जिंकला नव्हता, आणि क्लबच्या मालकांची सहनशक्ती संपत आली होती.

"एकदाच," त्या म्हणाल्या. "एकदाच मला डावरी पुरती दे. वरवरची नको, हाडामांसाची. हा सामना जिंकलो की पुढच्या मोसमात सामन्याला उतरणाऱ्या पहिल्या पाचांत तू. शब्द देते."

मॅडममध्ये दोष पुष्कळ होते, पण दिलेला शब्द त्या मोडत नसत, हे सगळा क्लब जाणून होता. म्हणजे डावरी जितकी हुबेहूब होईल तितकी ती डावरीतून लवकर सुटणार. असा करार जगात दुसऱ्या कुणी केला असेल असं वाटत नाही.

तिने मग काही शिल्लक ठेवलं नाही. डावरीचे जुने सामने, नवे सामने, मुलाखती, पायऱ्या उतरताना काढलेलं चित्रण, सगळं पाहिलं. ती कशी दचकते, कशी चिडते, थकली की कुठला खांदा आधी पडतो. व्हिडिओवाला बिचारा तिच्यासाठी जागा अडवून बसायचा आणि तिच्या सरावाचंही चित्रण करून ठेवायचा. रिकाम्या हॉलमध्ये, सकाळच्या उन्हात, डावरीच्या क्लबची जर्सी घातलेली एक बाई एकटीच डावीकडून जाते आहे, परत येते आहे, पुन्हा जाते आहे. हे तो तिला खऱ्या डावरीच्या शेजारी लावून दाखवायचा. दोन्ही चित्रणं त्याच्या मशीनमध्ये एकाच ठिकाणी पडून असायची.

डावरीला अडवायचं काम होतं जळूकडे. ही संघातली ठेंगणी, चिवट पोरगी. समोरच्या खेळाडूला चिकटली की सुटायची नाही, म्हणून जळू. पण कार्बन आता अशी काही जात होती की जळूच्याही नाकी नऊ आले. पोरगी रडकुंडीला आली. अखेर मॅडमनी शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवलं. त्या बराच वेळ कार्बनकडे टक लावून पाहत होत्या.

"पुन्हा जा," त्या म्हणाल्या. कार्बन गेली. "पुन्हा." कार्बन गेली.

"सापडलं!" मॅडमनी टाळी वाजवली. "जळू, चेंडूकडे बघू नकोस, तिच्या उजव्या हाताकडे बघ. डावीकडे उडी घ्यायच्या आधी ती उजवा तळवा मांडीला पुसते. पुसला की निघाली म्हणून समज. तेवढ्यात तू आडवी हो."

पुढच्या खेपेला कार्बनचा तळवा मांडीवर गेला, आणि जळू आधीच वाटेत उभी. दोघी आपटल्या. मग पुन्हा, आणि पुन्हा. दिवसभरात कार्बनला एकदाही रिंग दिसली नाही. पोरी नाचायला लागल्या. जळूने तिला मिठीच मारली आणि म्हणाली, "ताई, आता बघच तिला कसं पाणी पाजते!"

कार्बनलाही आनंद झाला. अडवली गेल्याचा एवढा आनंद तिला कधी झाला नव्हता. तरी मनात एक कुसळ राहिलं. डावरी हात पुसते? संध्याकाळी तिने व्हिडिओवाल्याच्या खोलीत बसून पाहिलं. एका ठिकाणी उजवा हात कुणाच्या तरी पाठीआड होता. दुसऱ्या ठिकाणी तो मांडीजवळ गेला खरा, पण पुसला का नुसता लोंबला, हे कळेना.

"ही हात पुसते ना रे?" तिने विचारलं.

"मला काय विचारतेस? तुझ्याइतकं तिला कोण ओळखतं?" तो म्हणाला आणि दिवा लावला.

हेही खरंच होतं. इतक्या वर्षांनी तिच्या अंगात कुठलं कुणाचं, हे तिचं तिलाच सांगता येत नव्हतं. तळवा पुसला जात होता, म्हणजे तो डावरीचाच असणार. स्वतःचं काही आत उरलं असेल अशी शंकासुद्धा तिला आली नाही.

अंतिम सामन्याला हॉल गच्च भरला होता. डावरीने पहिला चेंडू घेतला तशी जळू वाकून उभी राहिली, नजर तिच्या उजव्या मांडीवर. डावरीने जबडा हलवला, खांदा पाडला, आणि डावीकडून निघून गेली. जळू जागच्या जागी. ती अजून हाताची वाट बघत होती. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा जळूने बेंचकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. हात कुठे आहे, एवढंच ती विचारत होती.

बेंचच्या टोकाला कार्बन पुढे वाकून बसली होती. डावरी पुन्हा चेंडू घेत होती. आता ती जाणार, आता, असं तिच्या अंगाला कळलं, आणि तिचा उजवा तळवा मांडीवरून खाली सरकला. तिने हात उचलून डोळ्यांसमोर धरला. हात तिचा होता. सवयही तिचीच होती. डावरीने आयुष्यात कधी मांडीला हात पुसला नव्हता.

ती धावत मॅडमपाशी गेली. "मॅडम, तो हात माझा आहे! जळूला सांगा, हाताकडे बघू नकोस म्हणावं!"

"आत्ता नाही. खाली बस," मॅडम मान न वळवता म्हणाल्या.

"मॅडम, ऐका तरी..."

"बस म्हटलं ना!"

मध्यंतरात मॅडमनी ऐकलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. जळूला समजावलं, पण आठवडे खर्चून लागलेली सवय पाणी प्यायच्या वेळात जाते होय? पोरगी मांडीकडे बघू नये म्हणून धडपडायची आणि बघायचीच. क्लब थोडक्यात हरला. थोडक्यात हरणं हे फार वाईट; कुठे हरलो ते बोट ठेवून दाखवता येतं.

नंतरच्या बैठकीत मॅडम ओरडल्या नाहीत. चूक पाहणाऱ्याची, म्हणजे माझी, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. मग पोरी गेल्यावर त्यांनी कार्बनला थांबवून घेतलं.

"मालकांनी आणखी एक मोसम दिलाय मला," त्या म्हणाल्या. "चूक माझी, पण दुरुस्ती तुझ्या हातात आहे. तेवढं पुसणं काढून टाक. तेवढं गेलं की तुझ्यात नि तिच्यात केसाचाही फरक नाही."

"आणि तुम्ही दिलेला शब्द?"

"जिंकलो तर, असं म्हणाले होते." मॅडम खाली बघत होत्या. "पुढच्या वर्षी जिंकू ना."

कार्बन बाहेर आली. बसथांब्यावर उभी राहून ती रडली, आणि बस आली तशी डोळे पुसून चढली. कुठे जाणार? घर चालायला हवं, वडिलांच्या गुडघ्यांची औषधं हवीत, आणि दुसरीकडे तिला उभं कोण करणार? तिने पुढच्या मोसमाची सही केली. ती सहीसुद्धा आधी डाव्या हाताने करायला गेली होती.

पुरस्काराच्या समारंभाला अंतिम फेरीतल्या दोन्ही संघांना आमंत्रण होतं. पोरी नटूनथटून गेल्या. काचेचा चेंडू कुणाला मिळणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. डावरी पुढच्या रांगेत बसली होती, हिरव्या रेशमी कपड्यांत, आणि बसल्या बसल्याही तिचा जबडा हलत होता. नाव पुकारण्याआधी दिवे मालवले आणि मोठ्या पडद्यावर तिच्या मोसमाची चित्रफीत सुरू झाली. आयोजकांनी सगळ्या क्लबांकडून तिची चित्रणं मागवली होती. क्लबच्या व्हिडिओवाल्याने आपल्या मशीनमध्ये डावरी म्हणून जे जे होतं ते सगळं एकगठ्ठा पाठवून दिलं होतं. माणूस मोठा कामसू.

गर्दीतले सामने झाले, उड्या झाल्या, जल्लोष झाला. मग एकदम शांतता. रिकामा हॉल, सकाळचं ऊन, आणि पाठमोरी एक बाई. तिने चेंडू डाव्या हाताने जमिनीवर दोनदा आपटला, उजवा तळवा मांडीला पुसला, खांदा पाडला आणि निघाली. ऊन कापत, एकटीच, कुणी अडवायला नसतानाही कुणाला तरी चकवत गेली आणि चेंडू रिंगमध्ये अलगद ठेवून आली. आयोजकांना हे चित्रण फारच आवडलं असणार, कारण त्यांनी ते संथ करून दाखवलं. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. पुढच्या रांगेत डावरी स्वतः मान डोलावून कौतुकाने हसली. ते आपलं नव्हे, हे खुद्द तिलाही कळलं नाही.

कार्बन टाळ्या वाजवायची विसरली. शेजारी मॅडमच्या टाळ्या मध्येच थांबल्या. त्या तिच्या कानाशी वाकल्या.

"बघितलंस? इथेही पुसलास," त्या कुजबुजल्या. "किती ठळक दिसतं बघ."

कार्बन उठून बाहेरच्या बोळात आली, जिथे लोकांचे कोट टांगले होते. पर्समध्ये फोन वाजत होता.

"शिडे!" वडील टीव्हीचा आवाज मोठा ठेवूनच ओरडत होते. "आज पूर्ण दिसलीस गं! डोक्यापासून पायापर्यंत!"

ती म्हणाली, "बाबा, ती डावरी होती. नाव नाही ऐकलंत का?"

"नाव गेलं उडत. माझी पोरगी मला कळत नाही होय? मांडीला हात पुसलास की."

"तेच चुकतंय माझं."

"चुकतंय? अगं, ते मी शिकवलंय तुला! डेपोत सगळं तेल सांडलेलं असायचं, चेंडू तुझ्या हातातून निसटायचा, तू भोकाड पसरायचीस. मी म्हटलं, हात पुस आणि मग टाक. तुझ्या सगळ्या पँटी उजव्या बाजूला काळ्याकुट्ट. तुझी आई धुता धुता मला शिव्या घालायची." ते हसत होते. "पाठमोरी होतीस तरी ओळखलं मी."

आतून टाळ्यांचा कडकडाट आला. डावरी काचेचा चेंडू घ्यायला मंचावर चढली असावी. कार्बन परक्या कोटांत तोंड खुपसून उभी राहिली, आणि तिला इतका आनंद आणि इतकं दुःख एकदमच झालं की कशाने रडतो आहोत हे तिला कळेना.

सुट्टीत ती रोज घराच्या गच्चीवर सराव करत होती. तळवा न पुसता डावीकडे निघायचं. पहिल्यांदा पायच उचलत नव्हते. मग हळूहळू जमायला लागलं. माणसाला कशाचीही सवय होते, आणि कशाचीही मोडते.

नव्या मोसमाचा पहिला सराव. पाठीवर डावरीचा नंबर, समोर जळू, कडेला मॅडम ओठांत शिट्टी धरून. कार्बन निघाली. जबडा, मान, खांदा आणि डावीकडे. उजवा हात बाजूला स्वस्थ लटकत होता. जळूला काही कळायच्या आत ती रिंगखाली होती.

मॅडमचे डोळे भरून आले. "हीच!" त्या ओरडल्या. "हीच ती! पुन्हा कर!"

कार्बन परत आपल्या जागी आली. चेंडू आपटला. हीच ती, हे शब्द अजून हॉलभर घुमत होते. तिने उजवा तळवा उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा, सावकाश, मांडीला पुसला.

शिट्टी वाजली. "हे काय? आत्ता तर छान केलंस. पुन्हा."

तिने पुन्हा पुसला.

"कार्बन! डावरी असं करत नाही!" मॅडम कोर्टावर आल्या. "हे कुणाचं आहे?"

"माझं."

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांना खरंच कळत नव्हतं. "ते घेऊन मी काय करू?" त्यांनी विचारलं, आणि प्रश्न अगदी प्रामाणिक होता.

कार्बनने चेंडू डाव्या हातातून उजव्या हातात घेतला आणि चालत उजव्या कोपऱ्यात गेली, जिथून ती एके काळी टाकायची. तिथून रिंग फार लांब दिसत होती. तिने चेंडू टाकला. इतक्या वर्षांत तिथून स्वतःच्या ढंगाने टाकलाच नव्हता. तो रिंगच्या कडेला आपटून बाहेर आला आणि पार भिंतीपर्यंत घरंगळत गेला. आणायला ती स्वतःच धावली, तळवा मांडीला पुसला, आणि पुन्हा त्याच कोपऱ्यात येऊन उभी राहिली.